'बसलेला', 'आल्यावर', 'जाताना' : मराठीतून इंग्रजी क्लॉज आणि फ्रेज

सायलीवेल

मुलगी नववीत आहे, सेमी इंग्रजी. परवा तिची वही चाळताना एका उत्तरावर लाल फुली दिसली. वाक्य होतं, 'द बॉय सिटिंग बाय द विंडो इज माय कझिन.' प्रश्न : यातलं 'सिटिंग बाय द विंडो' हा क्लॉज की फ्रेज? तिने क्लॉज लिहिलं होतं.

का म्हणून विचारलं तर म्हणाली, "आई, सिटिंग म्हणजे बसणं. बसणं ही क्रिया. म्हणजे क्रियापद आलं. बसलाय कोण, तर बॉय. कर्ताही आला. व्याख्येत हेच तर आहे, कर्ता आणि क्रियापद असेल तर क्लॉज, नसेल तर फ्रेज."

उत्तर चुकलंय एवढं मला कळत होतं, पण तिच्या युक्तिवादात चूक कुठे आहे ते दाखवता येईना. 'बाईंनी सांगितलंय तसं लिही' असं सांगून विषय मिटवायचा नाहीये मला. कोणी नीट समजावून सांगेल का?

दुसरा गोंधळ म्हणजे कृतिपत्रिकेत 'फ्रेज वापरून वाक्य तयार करा' असा प्रश्न येतो, तिथे 'टू बी प्राउड ऑफ' असलं काही दिलेलं असतं. ती फ्रेज आणि ही फ्रेज एकच का?

पाटीपेन्सिल

सायलीवेलताई, आधी मुलीला शाबासकी द्या. तिने व्याख्या नुसती पाठ केली नाही, लावून बघितली. लावल्यावर व्याख्याच अपुरी निघाली, यात तिचा काय दोष! मी सातारा जिल्ह्यात ३१ वर्षं हायस्कूलला इंग्रजी शिकवलं. सुरुवातीच्या वर्षांत असल्या फुल्या मीही दिल्या आणि कारण सांगितलं नाही, याची आज खंत वाटते.

व्याख्येतला 'क्रियापद' हा शब्द अर्धवट सांगितला जातो. तिथे फायनाइट क्रियापद हवं, म्हणजे जे काळ दाखवतं आणि कर्त्याप्रमाणे बदलतं ते. मुलीला हे मराठीत येतंच. तिला म्हणावं, 'खिडकीशी बसलेला मुलगा' एवढंच बोल आणि गप्प बस. ऐकणारा विचारेल, "बरं, त्याचं काय?" कारण वाक्य पुरं झालेलं नाही. 'बसलेला' हा शब्द 'बस' धातूपासून झालाय, पण तो क्रियापद नाही, धातुसाधित विशेषण आहे. मराठीच्या तासाला ही मुलं ते बिनचूक ओळखतात. इंग्रजीतलं 'सिटिंग' त्याच जातीचं आहे.

आता कसोटी. वाक्याचा काळ बदला. 'द बॉय सिटिंग बाय द विंडो वॉज माय कझिन.' 'इज'चं 'वॉज' झालं, 'सिटिंग' तसंच राहिलं. आता एका मुलाचे दोन करा. 'द बॉइज सिटिंग बाय द विंडो आर माय कझिन्स.' पुन्हा 'सिटिंग' जागचं हललं नाही. जे हलत नाही ते क्लॉज उभा करू शकत नाही. म्हणून ती फ्रेज.

त्याच्याशेजारी हे वाक्य ठेवा : 'द बॉय हू इज सिटिंग बाय द विंडो इज माय कझिन.' मुलं दोन केली की 'हू आर सिटिंग' म्हणावं लागतं आणि पुढेही 'आर माय कझिन्स'. दोन ठिकाणी हललं. म्हणजे क्लॉज दोन.

वर्गात मी हलणाऱ्या क्रियापदाखाली दुहेरी रेघ मारायला लावायचो आणि न हलणाऱ्याभोवती गोल. जेवढ्या दुहेरी रेघा तेवढे क्लॉज. मुलं 'दॅट', 'विच', 'व्हेन' शोधत बसतात, ते नंतर. आधी रेघा.

फ्रेजचं म्हणाल तर कृतिपत्रिकेतली ती फ्रेज म्हणजे आपला वाक्प्रचार. व्याकरणातली फ्रेज म्हणजे एकत्र मिळून एक काम करणारा शब्दसमूह. 'अंडर द टेबल' यात वाक्प्रचार काही नाही, साधा 'टेबलाखाली' एवढाच अर्थ, तरी व्याकरणात ती फ्रेज आहे. एकाच शब्दाचे दोन अर्थ आहेत, हे मुलीला स्पष्ट सांगून टाका.

रानवाट

एक प्रामाणिक प्रश्न विचारतो, राग मानू नये. भाषा ऐकून-वाचून येते. आपण मराठी बोलतो ते गौणवाक्य ओळखून बोलत नाही. मग मुलांना इंग्रजीच्या या चिरफाडीत का घालायचं? तेवढ्या वेळात चार गोष्टी वाचून होतील.

दोनकाठ

रानवाट, गोष्टी वाचाव्यातच, त्यात वाद नाही. पण घरात आजूबाजूला इंग्रजी बोललं जात नसेल तर कानावर पडतं किती? आपल्याकडचं बहुतेक मूल इंग्रजी वाक्य मनात मराठीतून बांधतं. ते कुठे बांधलं जातं आणि कुठे मोडतं, हे दाखवायला क्लॉज-फ्रेज लागतात. मी गेली १८ वर्षं भाषांतराचं काम करते, इंग्रजी-मराठी दोन्हीकडून. माझा अनुभव असा की आपल्या चुका विखुरलेल्या नसतात, त्यातल्या बऱ्याचशा एकाच जागी होतात. मराठी जिथे शब्दाला प्रत्यय लावून भागवते, तिथे इंग्रजीला पुष्कळदा अख्खा क्लॉज उघडावा लागतो.

एक घरातलं वाक्य घेऊ : 'काल बाजारातून आणलेल्या आंब्यांतले दोन सडके निघाले.'

मराठीत क्रियापद एकच, 'निघाले'. म्हणजे हे केवल वाक्य. 'आणलेल्या' हे विशेषण. आता इंग्रजीत सहज कसं म्हणाल? 'टू ऑफ द मँगोज वी बॉट अॅट द मार्केट यस्टरडे वेअर रॉटन.' इथे 'बॉट' आणि 'वेअर' अशी दोन फायनाइट क्रियापदं झाली. आणि बघा, 'वी' कुठून आला? मराठी वाक्यात 'आम्ही' नव्हतंच. आंबे कोणी आणले हे मराठीने सांगितलं नाही, सांगायची गरजही नव्हती. इंग्रजीत क्लॉज उघडला की त्याला कर्ता द्यावाच लागतो. भाषांतर करताना मी अशा जागी थांबते आणि आधीच्या ओळीत जाऊन 'कोणी?' ते शोधते.

आपली मुलं याच्याशी झगडतात. 'आल्यावर', 'जाताना', 'खाल्लेलं', 'येणारा', 'करून', 'झाल्याशिवाय' ही सगळी एका शब्दात मावणारी गाठोडी आहेत. इंग्रजीत त्यातलं प्रत्येक गाठोडं सोडायचं की तसंच न्यायचं, हा निर्णय दर वेळी घ्यावा लागतो. 'सोडणं' म्हणजे क्लॉज, 'तसंच नेणं' म्हणजे फ्रेज. 'पाऊस थांबल्यावर' याचं 'आफ्टर द रेन' असंही होतं आणि 'आफ्टर द रेन स्टॉप्ड' असंही. पहिली फ्रेज, दुसरा क्लॉज. 'आफ्टर' दोन्हीकडे आहे, म्हणून 'आफ्टर' बघून ओळखता येत नाही. पुढे हलणारं क्रियापद आहे का ते बघायचं. 'बिफोर', 'सिन्स', 'अंटिल' यांचंही तेच.

सायलीवेल

पाटीपेन्सिल सर, रेघांची युक्ती काल संध्याकाळी केली. तिने धड्यातला एक अख्खा परिच्छेद रेघा मारून भरला आणि तिला मजा आली. पण एका ठिकाणी अडलो. दोनकाठताईंचं आंब्याचं वाक्य मी तिला दिलं, तर तिने ते असं लिहिलं : 'टू ऑफ द मँगोज बॉट यस्टरडे वेअर रॉटन.' आणि 'बॉट'खाली दुहेरी रेघ मारली. म्हणते, "बॉट म्हणजे बायचा भूतकाळ, हे तर हलणारं आहे." आता?

पाटीपेन्सिल

फार छान जागी अडली. 'बॉट'ची दोन रूपं दिसायला सारखी आहेत, भूतकाळाचं आणि धातुसाधिताचं. अशा वेळी त्या जागी असं क्रियापद बसवायचं ज्याची दोन रूपं वेगळी आहेत. 'ईट' घ्या. भूतकाळ 'एट', धातुसाधित 'ईटन'.

तिच्या वाक्यात घालून बघा. 'द मँगोज ईटन यस्टरडे' म्हणता येतं. 'द मँगोज एट यस्टरडे' म्हटलं तर आंब्यांनीच काहीतरी खाल्लं. म्हणजे इथलं 'बॉट' धातुसाधित आहे, त्याला गोल करायचा. याउलट 'द मँगोज वी बॉट' मध्ये 'वी एट' बसतं, 'वी ईटन' बसत नाही. तिथे दुहेरी रेघ.

तिचं वाक्य इंग्रजी म्हणून बरोबर आहे. तिने मराठी 'आणलेल्या'चं गाठोडं न सोडता नेलं, आणि या जागी इंग्रजी ते चालवून घेते. म्हणून तिला कर्ताही द्यावा लागला नाही. हे तिला जरूर सांगा.

यॉर्कशायरकर

इथे लीड्सजवळ राहतो, मुलगी प्राथमिक शाळेच्या शेवटच्या वर्षात आहे. इंग्लंडच्या राष्ट्रीय अभ्यासक्रमात हे सगळं फार लवकर येतं. नामाची फ्रेज दुसऱ्या इयत्तेत, क्लॉज आणि गौण क्लॉज तिसरीत, वाक्याच्या सुरुवातीला येणारी क्रियाविशेषणं चौथीत, रिलेटिव्ह क्लॉज ('हू', 'विच'ने नामाला जोडलेला) पाचवीत. सहावीच्या शेवटी देशभर व्याकरण, विरामचिन्हं आणि स्पेलिंगची वेगळी चाचणी असते, २०१३ पासून.

पण या धाग्यावर लिहावंसं वाटलं ते दुसऱ्याच कारणाने. त्या अभ्यासक्रमाला जोडलेल्या शब्दार्थसूचीत म्हटलंय की पारंपरिक व्याकरणात क्लॉजला फायनाइट क्रियापद लागायचं, पण आजचे बहुतेक व्याकरणकार नॉन-फायनाइट, म्हणजे काळ न दाखवणाऱ्या रूपाचे, क्लॉजही मानतात. म्हणजे त्या हिशोबाने 'सिटिंग बाय द विंडो' हा नॉन-फायनाइट क्लॉज ठरतो. मग सायलीवेलताईंच्या मुलीचं उत्तर एका अर्थी बरोबरच नाही का?

पाटीपेन्सिल

हो, आणि हे कुणीतरी मांडायलाच हवं होतं. क्वर्क आणि सहकाऱ्यांचं १९८५ चं मोठं व्याकरण असो की हडलस्टन-पुलम यांचं २००२ चं, दोन्हींत नॉन-फायनाइट रचनांना क्लॉजच म्हटलंय. त्यामागे कारणही आहे. 'सिटिंग'ला 'बाय द विंडो' हे क्रियापदाला जोडावं तसंच जोडता येतं. त्याच्यात क्रियापदाचा जीव शिल्लक असतो. मराठीतही 'पत्र लिहिणारा' यात 'लिहिणारा' विशेषण असूनही 'पत्र' हे कर्म धरून बसतो.

पण आपल्या शाळांत आणि स्पर्धा परीक्षांत जुनी मांडणी चालते. तिथे फायनाइट नसेल तर फ्रेज. मुलीने परीक्षेत फ्रेजच लिहावं. मात्र तिचा विचार कुणीच करत नाही असा मुलखावेगळा नव्हता, मोठमोठ्या अभ्यासकांनी तोच केलाय, हे तिला कळू द्या. नववीतल्या मुलीला याने केवढा धीर येईल!

अभ्यासिकेतला

सर, मी स्पर्धा परीक्षेची तयारी करतोय. 'दॅट'वर नेहमी मार्क जातात. 'द न्यूज दॅट ही गेव्ह अस वॉज फॉल्स' आणि 'द न्यूज दॅट ही हॅड रिझाइन्ड वॉज फॉल्स'. गाइडमध्ये पहिला अॅडजेक्टिव्ह क्लॉज (विशेषणाचं काम करणारा), दुसरा नाउन क्लॉज (नामाचं काम करणारा) असं उत्तर आहे. दोन्ही 'न्यूज'बद्दलच सांगतात, मग फरक काय?

पाटीपेन्सिल

'दॅट'च्या जागी 'विच' घालून बघा. 'द न्यूज विच ही गेव्ह अस' चालतं. 'द न्यूज विच ही हॅड रिझाइन्ड' चालत नाही. 'विच' चाललं तर अॅडजेक्टिव्ह.

दोनकाठ

सरांच्या कसोटीला मराठीची जोड देते, कारण मराठी हा फरक फार सुंदर दाखवते. पहिलं वाक्य मराठीत करा : 'त्याने दिलेली बातमी'. दुसरं : 'त्याने राजीनामा दिल्याची बातमी'. 'दिलेली' आणि 'दिल्याची'! पहिल्यात बातमी ही दिली गेलेली वस्तू आहे, तिच्यात काय होतं ते माहीत नाही. दुसऱ्यात राजीनामा हीच बातमी.

म्हणजे मनात मराठी करून बघा. '-लेला, -लेली, -लेलं' आलं तर अॅडजेक्टिव्ह. '-ल्याचा, -ल्याची, -ल्याचं' किंवा 'दिला ही बातमी' असं आलं तर नाउन क्लॉज. 'फॅक्ट', 'आयडिया', 'होप', 'रूमर' या शब्दांपुढे 'दॅट' आला की हे एकदा करून बघावं. पेपरात दहा सेकंदांचं काम आहे.

अभ्यासिकेतला

ताई, हे कुठल्याही क्लासमध्ये सांगितलं नव्हतं. वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवलंय.

शाईदौत

मी बँकेतून निवृत्त झालो, नोकरीत इंग्रजी पत्रं तपासण्यात बरीच वर्षं गेली. आपल्या लोकांच्या पत्रांत वारंवार दिसणाऱ्या दोन गोष्टी इथे सांगाव्याशा वाटतात.

पहिली जोडीची. मराठीत वाक्यं जोडणारे शब्द जोडीने चालतात. जरी-तरी, जेव्हा-तेव्हा, जो-तो, ज्याअर्थी-त्याअर्थी. त्यामुळे 'ऑल्दो ही इज पुअर, बट ही इज ऑनेस्ट' असं हातून उतरतं. 'जरी'ला 'ऑल्दो' दिला, मग 'तरी'ला काहीतरी द्यायला हवं ना, म्हणून 'बट'. तसंच 'अॅज आय वॉज इल, सो आय डिड नॉट कम'. दोन क्लॉजना जोडायला इंग्रजीला तिथे एकच शब्द पुरतो. दुसरा काढून टाकला की वाक्य सरळ होतं.

दुसरी प्रश्नाची. 'तो कुठे राहतो मला माहीत नाही' याचं 'आय डू नॉट नो व्हेअर डज ही लिव्ह' करतात. 'व्हेअर डज ही लिव्ह' हा सुटा प्रश्न झाला. पण इथे तो प्रश्न राहिलेला नाही, 'नो' या क्रियापदाचं कर्म झालाय, म्हणजे नाउन क्लॉज. तिथे शब्दक्रम साध्या विधानाचा : 'व्हेअर ही लिव्ह्ज'. मराठीत प्रश्न सुटा असो की आत असो, 'तो कुठे राहतो' तसंच राहतं, म्हणून आपल्याला ही चूक जाणवतही नाही.

सायलीवेल

शाईदौत काका, 'व्हेअर'वरून आठवलं. तिच्या वहीत 'व्हेअर' एकदा नाउन, एकदा अॅडजेक्टिव्ह आणि एकदा अॅडव्हर्ब क्लॉज म्हणून आलाय. शब्द एकच, मग तीन प्रकार कसे?

पाटीपेन्सिल

तीन वाक्यं एकाखाली एक लिहा.

'आय नो व्हेअर ही लिव्ह्ज.'
'धिस इज द हाउस व्हेअर ही लिव्ह्ज.'
'सिट व्हेअर ही सिट्स.'

पहिल्यात अख्ख्या क्लॉजच्या जागी 'इट' ठेवा. 'आय नो इट.' बसलं, म्हणजे तो नामाचं काम करतो. तिसऱ्यात 'देअर' ठेवा. 'सिट देअर.' बसलं, म्हणजे क्रियाविशेषणाचं. मधल्यात यातलं काहीच बसत नाही, कारण तो 'हाउस'ला चिकटलाय, कुठलं घर ते सांगतोय. म्हणजे विशेषणाचं.

आपली नामवाक्य, विशेषणवाक्य, क्रियाविशेषणवाक्य ही नावं तीच आहेत. दादोबा पांडुरंगांनी १८३६ साली मराठीचं व्याकरण प्रसिद्ध केलं, तेव्हापासूनच मराठी व्याकरणाच्या मांडणीवर इंग्रजी व्याकरणाची छाप आहे. म्हणून मुलीने मराठीची व्याकरणाची वही आणि इंग्रजीची वही शेजारी शेजारी उघडून बसावं. दोन विषय वाटतात, काम एकच आहे.

रानवाट

मी वर शंका काढली होती. धागा वाचतोय आणि मत बदलतंय, म्हणून आता खरंच समजून घ्यायला विचारतो. माझ्या पुतण्याने निबंधात लिहिलं, 'गोइंग टू स्कूल, द रेन स्टार्टेड.' त्याला चूक दिली. 'शाळेत जाताना पाऊस सुरू झाला' यात काय चूक?

दोनकाठ

मराठीत काहीच चूक नाही, आणि गंमत तिथेच आहे. मराठीच्या '-ताना'ला स्वतःचा वेगळा कर्ता चालतो. जाणारा मी, सुरू होणारा पाऊस, आणि ऐकणाऱ्याला सगळं कळतं. इंग्रजीतली ही '-इंग'वाली फ्रेज मात्र वाक्याच्या सुरुवातीला बसली की मुख्य क्लॉजचा कर्ता आपला मानते. तिथे 'द रेन' आहे, म्हणून पाऊसच शाळेत निघाला असा अर्थ होतो. अशा जागी गाठोडं सोडायचं, क्लॉज उघडायचा आणि कर्ता द्यायचा : 'व्हाइल आय वॉज गोइंग टू स्कूल, द रेन स्टार्टेड.'

'-ऊन'चं तसं नाही. 'घरी जाऊन मी जेवलो', यात जाणारा आणि जेवणारा एकच. '-ऊन'ला बहुतेक वेळा कर्ता तोच लागतो, म्हणून 'हॅविंग गॉन होम, आय एट' अशी फ्रेज धोक्याची नाही. थोडक्यात, मराठीत '-ताना' आलं की सावध व्हायचं, '-ऊन' आलं की फारशी भीती नाही.

रानवाट

पण 'त्याला जाऊन दोन वर्षं झाली' यात जाणारा तो आणि होणारी वर्षं. इथे '-ऊन' असून कर्ते दोन.

दोनकाठ

अगदी बरोबर, म्हणूनच मी 'बहुतेक वेळा' म्हटलं. किती काळ लोटला हे सांगताना '-ऊन' असं वागतं. आणि बघा, नेमक्या त्याच जागी इंग्रजीला क्लॉज उघडावा लागतो : 'इट इज टू इयर्स सिन्स ही लेफ्ट.' कर्ते दोन झाले की इंग्रजीत फ्रेजने सहसा भागत नाही. तुमच्या या वाक्याने माझा मुद्दा पक्का केला, आभार.

यॉर्कशायरकर

इथे शाळेत रिलेटिव्ह क्लॉज शिकवताना स्वल्पविरामावर भर असतो. त्याबद्दल कुणी लिहील का? मराठीत या जागी स्वल्पविरामाने अर्थ बदलताना मी पाहिला नाही.

शाईदौत

मी लिहितो, कारण हे आमच्या सोसायटीत घडलंय. समितीने लिफ्टशेजारी इंग्रजी नोटीस लावली : 'द मेंबर्स, हू हॅव नॉट पेड देअर ड्यूज, विल बी चार्ज्ड इंटरेस्ट.' 'मेंबर्स'नंतर एक स्वल्पविराम आणि 'ड्यूज'नंतर दुसरा. त्यांना म्हणायचं होतं, ज्या सभासदांनी थकबाकी भरली नाही त्यांना व्याज लागेल. पण दोन स्वल्पविरामांत कोंडल्यावर तो क्लॉज नुसती जादा माहिती होतो. मग अर्थ असा निघतो की सभासदांना व्याज लागेल, आणि हो, सभासदांनी थकबाकी भरलेली नाही. म्हणजे सगळेच थकबाकीदार! चौथ्या मजल्यावरच्या आजी दर महिन्याला पाच तारखेच्या आत पैसे भरतात. त्यांना नातवाने नोटीस वाचून दाखवली तेव्हा त्या पावत्यांची पिशवी घेऊन माझ्याकडे आल्या. मी समितीला स्वल्पविराम काढून नवी नोटीस लावायला लावली.

मराठीत ही अडचण येत नाही, कारण आपल्याकडे जो-तो आहे. 'ज्या सभासदांनी भरली नाही, त्यांना' म्हटलं की कोण ते तिथेच ठरतं. तसंही विरामचिन्हं मराठीत रुजवण्याचं श्रेय एकोणिसाव्या शतकातल्या मेजर थॉमस कँडी यांना दिलं जातं. त्याआधीचं मराठी 'जो', 'तो', 'की', 'म्हणून' यांच्या जोरावरच वाक्यं वेगळी करत आलं. इंग्रजीत मात्र इथे स्वल्पविरामावर फार भार आहे. 'माय ब्रदर हू लिव्ह्ज इन नागपूर' म्हणजे भाऊ एकाहून अधिक, त्यातला नागपूरचा. 'माय ब्रदर, हू लिव्ह्ज इन नागपूर,' म्हणजे भाऊ एकच, आणि तो नागपुरात असतो.

पाटीपेन्सिल

शाईदौत, हा किस्सा प्रत्येक वर्गात सांगण्यासारखा आहे.

सायलीवेलताई, मुलीसाठी तीन वाक्यं देतो. रेघा आणि गोल करून उत्तरं लिहायला सांगा. कुठे अडली ते इथे कळवा.

'द पेन आय लॉस्ट वॉज ब्लू.'
'वी वेटेड अंटिल द बस केम.'
'व्हॉट यू सेड इज ट्रू.'

सायलीवेल

सर, आत्ता जेवणं झाल्यावर ओट्याशेजारी बसून केलं तिने.

पहिल्यात 'लॉस्ट'वर थांबली. मग स्वतःच 'ईट' घालून बघितलं, 'आय एट' बसलं, 'आय ईटन' बसलं नाही, म्हणून दुहेरी रेघ. 'आय लॉस्ट' हा अॅडजेक्टिव्ह क्लॉज आणि मधला 'दॅट' गळालाय, असं लिहिलं. दुसऱ्यात 'अंटिल द बस केम' अॅडव्हर्ब क्लॉज. 'अंटिल फाइव्ह ओ'क्लॉक' असतं तर फ्रेज झाली असती, हेही शेजारी लिहिलंय.

तिसऱ्यात अडली. 'सेड' आणि 'इज' दोन्हींखाली दुहेरी रेघ, म्हणजे क्लॉज दोन, इथवर ठीक. 'व्हॉट यू सेड' वेगळा काढला. मग उरलं फक्त 'इज ट्रू'. तिचा प्रश्न असा, "मुख्य क्लॉजला कर्ताच राहिला नाही. कर्त्याशिवाय क्लॉज कसा?" ती झोपायला गेली नाहीये, उत्तराची वाट बघतेय.

पाटीपेन्सिल

तिला सांगा, कर्ता हरवलेला नाही. 'व्हॉट यू सेड' हा अख्खा क्लॉजच 'इज'चा कर्ता आहे. त्याच्या जागी 'इट' ठेवून बघ म्हणावं : 'इट इज ट्रू.' म्हणून तो नाउन क्लॉज.

आणि मग हेच वाक्य तिला मराठीत म्हणायला लावा. ती म्हणेल, 'तू म्हणालास ते खरं आहे.' त्यातल्या 'ते'वर बोट ठेवायला सांगा.

सायलीवेल

ठेवलं. म्हणाली, "अगं आई, इंग्रजीत 'ते' लिहीतच नाहीत!" आणि वहीत 'व्हॉट'च्या डोक्यावर पेन्सिलीने बारीक अक्षरांत लिहिलंय, 'जे + ते'.